अंतऱ्यातली रिकामी जागा

मनोहर गेल्याचा फोन अकोल्याहून आला, तेव्हा मी अमरावतीत माझ्या क्लासच्या मुलींना नेमकी त्याचीच बंदिश शिकवत होतो. त्याची, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. गेली कित्येक वर्षं ती माझ्या नावावर आहे.

आम्ही दोघे एकाच गुरुजींकडे शिकलो. मी एका शाळामास्तरांचा मुलगा, तो हिवरखेडच्या भाजीवाल्यांच्या घरातला. जी तान घोटायला मला सहा महिने लागत, ती त्याच्या गळ्यात आठवड्यात उतरे, आणि मी जळायचो. सीमेवरची लढाई जिंकल्याची बातमी आली तेव्हा गुरुजींनी दोघांनाही विजयाची बंदिश बांधायला सांगितली. मी शंकरा रागात तोफा, तलवारी, सिंह असं सगळं कोंबलं. मनोहरने अडाण्यात चारच ओळी बांधल्या. जिंकून परतलेली फलटण, आणि वेशीपाशी एकेक चेहरा न्याहाळत उभी असलेली आई. गुरुजींनी डोळे पुसले. माझी वही त्यांनी मिटून बाजूला ठेवली...

बंदिश बांधणारा अंतऱ्यात आपलं टोपणनाव गुंफतो. मनोहरने ती जागा नुसत्या 'आ'कारावर सोडली होती. "लढले ते, अन् नाव माह्यं कावून?" एवढंच म्हणाला. पुढे तो अकोल्यात नोकरीला लागला, गाणं सुटलं. मी क्लास काढला आणि त्या जागी माझं 'चंदरंग' घातलं. मात्रांत ते अगदी चपखल बसलं. मुली स्पर्धांतून गाऊ लागल्या, माझे सत्कार झाले. एका सत्काराला तो पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

शेवटचा भेटलो तेव्हा तो खाटेवर होता. "गाय ना ते," म्हणाला. गायलो. अंतऱ्यात त्या जागेपाशी आलो आणि थांबलो. त्याने डोळे मिटूनच, क्षीण पण सुरात 'चंदरंग' म्हटलं आणि मला समेवर आणून सोडलं. "थांबला कावून बे? तुह्यंच नाव हाय ना तिथं." त्या आवाजात मी टोमणा शोधला. नव्हता. त्याच्या या मोठेपणाचाही मला हेवा वाटला, अजून वाटतो.

आता क्लासमध्ये ती बंदिश निघाली की त्या जागी मी नाव घेत नाही. पेटीवर नुसता सूर धरून ठेवतो... मुलींना वाटतं सर विसरले. त्या माझ्याकडे बघून जोरात 'चंदरंग' म्हणतात आणि पुढे जातात.