फॉर्मातला एक रकाना

माझी मुलगी मराठी शाळेत पाचवीला होती. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी मी उदगीरहून मराठी पुस्तकं आणली आणि वर्षभर रोज शाळेआधी तिच्याकडून गणितं करून घेतली. पण फॉर्म भरताना परीक्षेच्या भाषेसमोर मी कन्नड लिहिलं. आपण राहतो कर्नाटकात, मराठी लिहिलं तर पोरीला डावलतील, ही माझी दीडशहाणी अक्कल! बायको म्हणाली होती, "तिला कन्नड बोलता येतंय, गणितं कुठं वाचता येतेत?" मी तिलाच गप्प केलं.

परीक्षा देऊन पोरगी बाहेर आली ती चेहरा पाडूनच. "अप्पा, पेपर कन्नडात होता. निम्मा कळलाच न्हाई."

गावी परतताना जनवाड्याच्या बसमध्ये मी तो पेपर उघडला आणि एकेक गणित तिला मराठीत सांगायला लागलो. खिडकीबाहेर बघत ती फटाफट उत्तरं देत गेली. सगळी बरोबर. मला पुढचं वाचवेना.

ती म्हणाली, "विचारा की अप्पा, थांबलात कामून?"