भाऊजींचा गुडघा

जगातली माणसं नमस्कार करून ओळख वाढवतात. आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, समोरच्याच्या गुडघ्यावर हाणून वाढवतात. देवळीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण प्रतिक्षिप्त क्रियेचा धडा काही त्यांच्या अंगातून उतरला नाही. त्यांच्या घरी चहाच्या आधी दिवाणावर पाय लोंबते सोडून बसावं लागतं. भाऊजी गुडघ्याच्या वाटीखाली तळहाताच्या कडेनं टोला देणार, आपला पाय उडणार आणि ते खूश होऊन म्हणणार, "पाह्यलं? निरोप मणक्यातूनच परतला, मेंदूले इचारलंच नाई!" मग दोन बोटांमधून पट्टी सोडून ती पकडायला लावणार. "याच्यात मात्र मेंदू लागते," असं म्हणताना माझ्याकडे जरा काळजीनंच पाहणार. भाचीला पाहायला तळेगावचे पाहुणे आले, तेव्हा नवरदेवाच्या हाती पोह्यांची बशी असतानाच भाऊजींनी त्याचा गुडघा गाठला. पोहे थेट व्याह्यांच्या धोतरावर. ताईनं कपाळाला हात लावला. तरी सोयरीक जुळली, हे भाचीचं नशीब.

या उन्हाळ्यात ताईचा फोन आला. "हे काऊन असे करून राह्यले, समजत नाई. दिवसभर सोताच्याच गुडघ्याले मारतेत. जेवण नाई, झोप नाई." मी तसाच निघालो. पाहतो तर भाऊजींचे दोन्ही गुडघे काळेनिळे. "उडत नाई रे," ते हळूच म्हणाले, "तुह्या ताईले सांगू नको." त्यांच्या वडिलांचे पाय शुगरनं गेले होते आणि भाऊजींनाही शुगर आहे.

सकाळी वर्ध्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रबरी हातोडीनं टोला दिला. काही नाही. दुसरा गुडघा. तिथंही काही नाही. भाऊजी आपल्या पायाकडे टक लावून पाहत होते आणि मला त्यांच्याकडे पाहवेना.

"काका, मांडी केवढी ताठ धरलीत!" बाई म्हणाल्या. "हातांची बोटं एकमेकांत अडकवा, डोळे मिटा आणि जोरात ओढा." भाऊजी बैल ओढावा तसे ओढू लागले. टोला पडला आणि पाय असा उडाला की बाईंनाच मागं सरावं लागलं. "घाबरून बसलं की पाय उडत नाही, काका. शुगर सांभाळा, बाकी पाय छान आहेत."

"डाक्टर, अजून एक डाव मारता का?" भाऊजींनी विचारलं. पाय पुन्हा उडाला, आणि जन्मभर पोरांना हा धडा शिकवलेल्या माणसाचे डोळे भरून आले.

परतीच्या बसमध्ये ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "बापाले शेवटी मीच उचलून न्हाऊ घालत होतो. मले वाटे, तुही ताई एवढीशी बाई, ते मले कशी उचलन?" थोड्या वेळानं ते माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले. देवळी आली, कंडक्टर ओरडला, तरी मला त्यांना उठवावंसं वाटेना.