अडीच फूट भराव

माझ्या शिक्षणाचं श्रेय कोणाला, असं कोणी विचारलं तर मी आत्येकडे बोट दाखवतो. वडिलांनी तालुक्याच्या शाळेत घातलं, मास्तरांनी अक्षर वळणावर आणलं, हे खरंच आहे आणि मी ते विसरलेलो नाही. पण बारावीचा निकाल लागला आणि पुढे काय या प्रश्नाशी सगळं घर येऊन थांबलं, तेव्हा आत्ये मे महिन्यासाठी गावी आलेली होती. फणस चिरता चिरता ती माझ्या वडिलांना म्हणाली, "माझ्याकडे धाड तेका. दोन भाकऱ्यो जास्त भाजीन, काय मरूचंय नाय." त्या दोन भाकऱ्यांवर मी पदवीधर झालो. आमच्या घराण्यातला पहिला.

आत्येचं घर घाटकोपर पूर्वेला, हायवे ओलांडून, खाडीच्या अंगाला. तिचा नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, चाळीतली खोली गेली, तेव्हा ती दोघं इथे आली. पुढे तो मिठागरावर मीठ भरायला जायचा. मी येण्याआधीच तो वारला. मूलबाळ नव्हतं. ती एका कॅण्टीनमध्ये चपात्या लाटायची आणि उरलेल्या वेळात घर पाण्याच्या वर ठेवायची. हे दुसरं काम जास्त कष्टाचं होतं.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी नाल्यातून उलटं चढायचं आणि मोरीच्या भोकातून घरात यायचं. म्हणून आमच्या गल्लीत दर दोन-तीन वर्षांनी, पावसाच्या आधी, प्रत्येक घरात भराव घालत. डेब्रिजचा टेम्पो यायचा. त्यात तुटलेल्या लाद्या, विटांचे तुकडे, कोणाच्या तरी मोडलेल्या बाथरूमच्या निळ्या टाइल्स. घमेल्याने आत टाकायचं, धुमसाने ठोकायचं, वर कोबा करायचा. जमीन वर येई आणि छप्पर होतं तिथेच राही. असं करता करता एक दिवस पंख्याला डोकं लागायला लागलं की भिंती उचलायच्या आणि पत्रे वर घ्यायचे. गल्लीत हे कोणाला सांगावं लागत नसे. गावी कौलं परततात तसंच हे होतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी पाणी पलंगाखालच्या ट्रंकेपर्यंत चढलं. माझी पुस्तकं आणि वर्षभराच्या वह्या भिजल्या. मी वह्या दोरीवर वाळत घातल्या आणि रडलो, हे लिहायला आता लाज वाटत नाही. त्या उन्हाळ्यात आत्येने पत्र्याच्या भिंती काढून विटांच्या उभ्या केल्या आणि एका दमात अडीच फूट भराव घातला. गल्लीतल्या बायकांनी विचारलं, इतका कशाला? ती म्हणाली, "तेचा शेवटचा वर्ष आसा." तिसऱ्या वर्षी मी कोरड्या जमिनीवर मांडी घालून अभ्यास केला आणि पास झालो. नंतर नोकरी लागली, लग्न झालं, मुलुंडला भाड्याची खोली घेतली. आत्ये मात्र तिथेच राहिली.

मग वस्ती राहावी की जावी, यावर शहरात चर्चा सुरू झाली. चर्चा हा शब्द मी रागाने वापरतो आहे. ज्यांची घरं जायची होती त्यांना तिथे फक्त हात वर करायला बोलावलं होतं. म्युनिसिपल शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. नाल्यापलीकडच्या टॉवरमधले एक गृहस्थ आले होते. त्यांनी पडद्यावर फ्लेमिंगो दाखवले. त्यांच्या गॅलरीतून ते रोज दिसतात म्हणाले. "आमचं तुमच्याशी वैर नाही," ते म्हणाले, "पण खाडीला श्वास घ्यायला जागा हवी. तुम्ही भराव टाकून टाकून ती मारताय."

आत्ये उठली. पदर खोचून ती अशी उठली की मला ओळखीची भीती वाटली.

"साहेब, तुमची बिल्डिंग खय उभी आसा?"

"तो मंजूर लेआउट आहे, मावशी."

"ता ऱ्हवांदे. आधी थय काय होता?"

गृहस्थ पडद्यावरच्या फ्लेमिंगोंकडे वळले.

"मिठागर होता. माझो घोव थय मीठ भरूक जायचो. मगे तुम्ही थय भराव घातलास तेवा खाडी मेली नाय, आणि मी चार घमेली टाकलंय तर मेली?"

हॉलमध्ये हशा पिकला, टाळ्या पडल्या. गृहस्थांनी पाण्याची बाटली उघडली. मीही टाळ्या वाजवल्या. पण आत्ये वस्ती वाचवायला उठली होती असं कोणी समजू नये. तिला बिल्डिंग हवी होती. वस्ती पाडून तिथल्यांना बिल्डिंगमध्ये घरं द्यायच्या प्रकल्पाचा माणूस पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन आला होता, त्याला थर्माकोलची झाडं चिकटवलेली. तो म्हणाला, "मावशी, दहाव्या माळ्यावर चोवीस तास पाणी."

"पाणी नको रे बाबा. पाणी येवचा नाय असा घर दी."

त्यानंतर महिनाभर ती दारोदार फिरून प्रकल्पाला गल्लीच्या संमतीच्या सह्या गोळा करत होती. तरुण पोरं तयार होती, म्हातारी माणसं घाबरत होती. तिने त्यांना समजावलं, भांडली, एकीशी तर आठ दिवस अबोला धरला. शेवटी सगळी गल्ली तयार झाली.

मग सर्वेक्षण आलं. दारावर नंबर पडले, अंगठे घेतले, फोटो काढले. ठरलेल्या तारखेच्या आधीचं घर असेल तर पात्र, नंतर बांधलेलं असेल तर अपात्र. आमच्या गल्लीतल्या नऊ-दहा घरांवर शेरा पडला: 'बांधकाम नवीन दिसते.' त्यात आत्येचं घर होतं, कारण तिच्या भिंती सरळ होत्या. ज्याला मान्य नसेल त्याने पंधरा दिवसांत हरकत नोंदवायची होती.

पवईतल्या एका कंपनीत मी सरकारी पत्रव्यवहार बघतो. अर्ज लिहिणं हीच माझी रोजीरोटी. साहजिकच सगळे माझ्याकडे आले. शेजारच्या घरातली बाई माझ्याच वयाची. ती म्हणाली, "एक ओळ लिही ना यार. घर जुनं आहे, होतं तसंच आहे. बस." मी तिला तेवढंच लिहून दिलं. बाकीच्यांनाही तेवढंच दिलं. आत्येसाठी मात्र मी रविवारभर बसलो. शाळेत मास्तरांनी शिकवलेलं की अर्ज पूर्ण असावा, खरा असावा आणि त्यात तारीख असावी. मी दोन पानं लिहिली. घर मूळचं कधीचं, पाणी कसं येतं, कोणत्या वर्षी जुन्या भिंती काढून त्याच जागी विटांच्या घातल्या, जमीन किती वर घेतली. 'तरी क्षेत्रफळात तसूभरही वाढ झालेली नाही,' हे वाक्य लिहून झालं तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. आत्येने न वाचताच सही केली. म्हणाली, "तू लिवलंस म्हणजे झाला."

यादी लागली. गल्ली पात्र ठरली. आत्ये अपात्र.

शेजारीण फोनवर म्हणाली, "तू शिकलेला ना रे? मग अशी वाट कशी लावलीस?"

मी रजा टाकून आत्येला घेऊन कार्यालयात गेलो. साहेब वयाने माझ्याएवढेच असतील. त्यांनी फाइल काढली, माझा अर्ज वर घेतला आणि एका परिच्छेदाखाली पेन्सिलीने ओढलेली रेघ दाखवली. जुन्या भिंती काढून विटांच्या घातल्या, ते वर्ष. ठरलेल्या तारखेनंतरचं.

"हे तुम्हीच लिहून दिलंय."

"साहेब, पाणी यायचं म्हणून जमीन वर घेतली. घर तेच आहे. माणूस तोच आहे. फोटोपास बघा, वीजबिल बघा, मतदार यादी बघा."

"माणूस तोच आहे, मान्य. बांधकाम नवीन आहे, हे तुम्ही कबूल केलंय. मी वेगळं काय करणार?" मग फाइल मिटताना, अगदी मनापासून, "अक्षर सुंदर आहे हो तुमचं. असे अर्ज हल्ली येत नाहीत."

त्या माणसाबद्दल मला काय वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो उर्मट नव्हता, त्याने पैसे मागितले नाहीत, त्याने आम्हाला खुर्ची दिली. खोटं बोलणाऱ्याला घर द्यायचं आणि खरं सांगणाऱ्याच्या वाक्याखाली रेघ ओढायची, ही रीत त्याने काही केली नव्हती, तो ती फक्त पाळत होता. आणि शाळेत ज्या शिस्तीचं मला बक्षीस मिळालं होतं, ती शिस्त मी आत्येच्या घरावर फिरवली होती. मी सगळ्यांवर चिडलो होतो. टॉवरमधल्या त्या गृहस्थांवर, ज्यांच्या भरावाला कोणी वर्ष विचारलं नाही. एका ओळीत सुटलेल्या शेजाऱ्यांवर. सगळ्यात जास्त त्या रविवारच्या माझ्या दोन पानांवर.

बाहेर जिन्यात मी आत्येला म्हणालो, "मी आता दुसरा अर्ज देतो. गल्लीत प्रत्येकाने भराव घातलाय, भिंती उचलल्यात. सगळ्यांची नावं आणि वर्षं लिहून देतो. मग बघू कोण पात्र राहतं. सगळ्यांना एक न्याय करा म्हणावं."

आत्ये पायरीवर थांबली. तोवर ती मला एका शब्दाने बोलली नव्हती.

"तेंची घरा पाडतलंस?"

"मी पाडत नाही. कायदा—"

"गप रव. मी तेंच्यो सह्यो घेतलंय. दारात जाऊन घेतलंय. माझ्या एका घरासाठी तू गल्ली उठवतलंस तर मी तुझा तोंड बघूचंय नाय."

"मग तू कुठे राहणार?"

"तुका कित्याक व्हया?" ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. बसमध्येही ती दुसऱ्या बाकावर बसली.

दोन दिवसांनी शेजारणीकडे किल्ली ठेवून ती गावी निघून गेली. फोन उचलेना. वडिलांच्या फोनवर लावला तर मागून तिचा आवाज यायचा, "सांग तेका, मी गोठ्यात आसंय." ती का गेली ते मला कळत होतं. ती इथे नसली तर मी कोणासाठी भांडणार, असा तिचा हिशेब होता.

गल्लीवरचा तो अर्ज मी लिहिला होता. चांगला लिहिला होता. तीन दिवस तो माझ्या ऑफिसच्या बॅगेत होता. अपिलाची मुदत संपायला आली तेव्हा मी जे केलं ते या पत्रात आहे. आधी एक पत्र लिहिलं होतं, त्यात नुसता संताप होता, ते टाकलं नाही. हे टाकलं.

आत्ये,

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितोय. अक्षर मोठं काढलंय, चष्म्याशिवाय वाचता येईल. बाबांना वाचून दाखवायला सांगू नकोस, ते मध्येच माझ्यावर चिडतील आणि पुढचं राहील.

तुला जे ऐकायचं आहे ते आधी सांगतो. गल्लीबद्दल मी कुठेही एक शब्द दिलेला नाही. अर्ज लिहिलेला होता. तो मी काल शेजारणीच्या ओट्यावर बसून तिच्यासमोर फाडला. त्यात तिचंही नाव होतं, हे तिला सांगितलं. ती आधी मला खूप बोलली, मग चहा केला.

अपील दाखल केलंय. त्यात फक्त तू आहेस. एक पान आहे. पाणी येत होतं म्हणून जमीन वर घेतली, घर त्याच जागी आहे आणि राहणारी बाई तीच आहे, एवढंच लिहिलंय. आधी लिहिलेलं नाकारलेलं नाही. ते खरं होतं आणि मला ते खोटं म्हणता येत नाही. त्यापायी तुझं घर गेलं तर त्याचा दोष माझा, हे मी तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं, जिन्यात. तेव्हा मी दुसऱ्यांची नावं घेत बसलो.

माझा राग गेलेला नाही. तो जाईल असं मला वाटत नाही आणि तू घालवायला सांगू नकोस. पण तो गल्लीवर काढणार नाही.

सुनावणी येत्या गुरुवारी सकाळी अकराला आहे. तुला स्वतः यावं लागेल. तू नसलीस तर ते 'अर्जदार गैरहजर' लिहून फाइल बंद करतील, आणि तिथे मी काहीच करू शकत नाही. साहेबांनी विचारलं की गल्लीत इतरांनीही भराव घातला का, तर काय सांगायचं ते तू ठरव. मी तोंड उघडणार नाही. हरलो तर तू आमच्याकडे मुलुंडला राहायचं. तुला ते आवडणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो.

बुधवारपर्यंत पोच. एसटी जिथे सोडेल तिथे मी घ्यायला येईन. कुळीथ, तांदूळ काही आणू नकोस, तुझी कंबर दुखते. सगळे कागद माझ्याकडे आहेत, तू फक्त चष्मा विसरू नकोस.

माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. बाबांना नुसतं 'येतंय' म्हण. ते मला कळवतील.