एर्मेसचे सतरा सेंटिमीटर

कोस्ताफ्रेद्दाच्या डोंगरावर कधीच खोटं न बोलणारा एकच माणूस होता, आणि त्यानेच गावाचं वाटोळं केलं, असं लोक अजून म्हणतात. म्हणोत बापडे! म्हणायला काय जातं? पहाटे उठून कडाक्याच्या थंडीत खांबाशी जाऊन उभं राहायला यातला एकही जण कधी गेला नव्हता.

एर्मेस बाल्दोनी मात्र एकेचाळीस हिवाळे गेला. सकाळी साडेसहाला, बर्फावर घसरायला येणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टखालच्या वाटेने वर चढायचा. मध्यावर बीच नावाच्या जुन्या झाडाशी लाल-पांढरे पट्टे मारलेला खांब रोवलेला होता, त्यावर बर्फाची उंची बघायचा. मग खाली आपल्या खोपटात येऊन टेलिफोनला जोडलेल्या यंत्रात बोलून ठेवायचा, "नमस्कार, मी एर्मेस. आज मधल्या खांबाशी बर्फ इतके सेंटिमीटर. आभाळ असं, वारा तसा. बूट कोरडे ठेवा." खाली मोदेना शहरातले लोक तो नंबर फिरवायचे, ऐकायचे आणि स्की गाडीवर बांधायची की नाही ते ठरवायचे.

आसपासच्या डोंगरांवर विसाचे चाळीस करणारे बहाद्दर कमी नव्हते. एर्मेस बोटभरही वाढवत नसे. वाऱ्याने एका जागी लोटून आणलेला बर्फ तर तो मोजायचाच नाही. "वाऱ्याने आणलेलं वाराच घेऊन जातो," म्हणायचा. एकदा लाल टोपीवाल्या झानासीबाई, मोदेनाच्या शाळामास्तरीण, खास खोपटात येऊन म्हणाल्या होत्या, "या सगळ्या डोंगरांत मी फक्त तुमच्या सेंटिमीटरांवर विश्वास ठेवते हो." झालं! ते एक वाक्य एर्मेसला जन्मभर पुरलं.

पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हिवाळे आटत गेले. जानेवारीत गवत दिसायला लागलं. लागोपाठ दोन वर्षं लिफ्ट एक दिवसही फिरली नाही. त्यातल्या पहिल्याच हिवाळ्यात एर्मेसची बायको मिल्वा गेली. मग तो पंधरा दिवस घरात पडून राहिला. दार उघडेना, खांबाकडे फिरकेना. शेवटी यंत्र कायमचं बंद करून टाकावं म्हणून खोपटात गेला, तर फोन मोजणाऱ्या काट्यावर आकडा होता पंधरा. रोज एक. कोणीतरी रोज फोन करून त्याची वाट बघत होतं.

दुसऱ्या दिवशी तो साडेसहाला खांबाशी हजर. संध्याकाळी काटा शून्यावर आणायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी बघायचा: एक. कधी दोन नाही, कधी शून्यही नाही.

"झानासीबाईच त्या, दुसरं कोण?" तो नोरीनाला म्हणाला. नोरीना त्याची मोठी बहीण. लिफ्टच्या पायथ्याशी तिचा बार होता.

"असतील बाबा," पेले पुसत ती म्हणाली. "म्हातारीला दुसरं काम काय!"

तिसऱ्या हिवाळ्यात सरपंच तूल्यो बारमध्ये आला आणि त्याने सांगून टाकलं. एकतीस जानेवारीपर्यंत लिफ्ट एक दिवस तरी फिरली पाहिजे. नाही फिरली, तर फेब्रुवारीत कापून भंगारात जाणार. आणि फिरवायची तर मधल्या खांबाशी तीस सेंटिमीटर हवेत, असा नियम.

"तू तीस म्हणालास की मी सही करतो," तूल्यो म्हणाला. "मोजायला मी काही वर चढत नाही. माझे गुडघे गेलेत."

बारमध्ये सगळे हसले. एर्मेस हसला नाही. लिफ्ट गेली की बार जाणार, हे लहान पोरालाही कळत होतं. नोरीनाच्या हाताशी त्या बारशिवाय दुसरं काही नव्हतं.

जानेवारीचे शेवटचे तीन दिवस आमच्याकडे मेर्ला नावाच्या पक्षिणीचे म्हणतात. वर्षातली सगळ्यात कडक थंडी तेव्हाच पडते, अशी जुनी समजूत. सगळ्यांची आशा त्या तीन दिवसांवर होती. एकोणतीसला पाऊस पडला, मेला! तीस तारखेला दुपारी मात्र बर्फ भुरभुरायला लागला. नोरीनाने मारिया मातेपुढे मेणबत्ती लावली.

एकतीसच्या सकाळी एर्मेस खांबाशी पोहोचला, तर नोरीना धापा टाकत मागोमाग आलीच.

"किती?"

"सतरा."

"आणि तिथे?" पाच पावलांवर वाऱ्याने बर्फाचा ढीग लोटून ठेवला होता. एर्मेसने हातातली काठी त्यात खुपसली, अंगठ्याने खूण धरली आणि बाहेर काढली.

"चौतीस. पण तो वाऱ्याचा."

"मारिया माते! बर्फावर नाव लिहिलंय का, हा वाऱ्याचा आणि तो देवाचा म्हणून? उपट तो खांब आणि रोव तिथे. खोटंसुद्धा बोलावं लागणार नाही तुला."

"एकेचाळीस वर्षं खांब इथेच आहे."

"माझा बारसुद्धा तिथेच आहे एकेचाळीस वर्षं! त्याचं काय? मोठा आलाय सत्यवादी!"

एर्मेसने खांबाला हात घातला. खरंच घातला. ओल्या मातीत तो सैल झाला होता, सहज निघाला असता. बहिणीच्या उतरलेल्या तोंडाकडे एकदा बघितलं. मग त्याने हात काढून घेतला.

"झानासीबाई ऐकतील गं," तो म्हणाला. "तीन हिवाळे रोज ऐकतायत. चौतीस ऐकलं तर या वयात इतक्या लांबून येतील. खाली सगळे दगड उघडे पडलेत. त्यांना काय तोंड दाखवू?"

नोरीनाने डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला आणि मागे न बघता उतरून गेली.

एर्मेस खोपटात जाऊन बोलला, "आज मधल्या खांबाशी बर्फ सतरा सेंटिमीटर." नोरीनाकडून आकडा कळला तसा दहा वाजता तूल्योचा एर्मेसच्या घरी फोन आला. "गाढवा!" एवढंच म्हणून त्याने ठेवून दिला. दुपारी काट्यावर एक होता. तो आकडा बघून एर्मेसला जरा बरं वाटलं.

एक फेब्रुवारीला त्याने सवयीने मोजलं आणि यंत्रात सांगितलं. अकरा. बर्फ विरघळायला लागला होता. एरवी तो नऊ वाजता कॉफीला जायचा. त्या दिवशी खोपटात बसवेना, म्हणून सात वीसलाच बारचं दार ढकललं. नोरीना पाठमोरी उभी होती. कानाला रिसीव्हर. त्यातून बारीक आवाजात त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं, "...बूट कोरडे ठेवा."

तिने रिसीव्हर ठेवला, वळली आणि जागच्या जागी थिजली.

"तू?" एर्मेस म्हणाला. "कधीपासून?"

"मिल्वा गेली तेव्हापासून. तू दार उघडत नव्हतास. रोज फोन लावून बघायचे, उठलास का, मोजलंस का. जिवंत आहेस की नाही, मला दुसरं कसं कळणार होतं?"

"मग ते सतरा... मी कोणाला सांगितले?"

"मला. आणि मला तर किती बर्फ आहे ते खिडकीतून दिसतच होतं रे."

एर्मेस खुर्चीवर बसला. म्हणाला, "काल वर होतीस. तेव्हा सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आज उठला असतास?"

नोरीनाने कॉफी केली, ती तशीच गार झाली. नऊच्या सुमाराला लिफ्ट कापणाऱ्यांचा ट्रक वळणावर दिसला. तिने दिवा लावला नाही, की पेलेही मांडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला एर्मेस जागा होता, पण उठला नाही. सात वीसला नोरीना फोन लावणार आणि तिला कालचेच अकरा सेंटिमीटर ऐकू येणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याने पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं.