हमालाला वाचता येत नाही

कुणी ‘पुस्तकात तसंच आहे’ म्हणालं की माझं डोकं आजही सटकतं. नोकरीत वरिष्ठांशी यावरून माझे खटके उडालेत, घरातही उडालेत. बायकोला वाटतं, हा माझा मूळ स्वभाव. तसं नाही. ही खोड मला मिरजेत लागली, एका सतार-तंबोरे करणाऱ्याच्या माळ्यावर, सुकलेल्या भोपळ्यांच्या राशीत बसून एक खेळ खेळताना.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही चौघं सांगलीत इंजिनिअरिंगला होतो. त्यातल्या एकाच्या मामानं अमेरिकेहून जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. खेळाचं पुस्तक, पण त्यात ना पट, ना सोंगट्या, नुसते नियम. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार. दार फुटलं का, राक्षस पडला का, हे फाशावर ठरायचं आणि गोष्ट सांगणाऱ्याचा शब्द शेवटचा. कुस्तीच्या फडात असतो तसा आम्ही त्याला पंच म्हणायला लागलो. ज्याचं पुस्तक तोच पंच, यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही.

फासा वीस बाजूंचा लागायचा. तसला फासा आमच्याकडे कुठून असणार? मग सतारवाल्याच्या मुलानं, जो आमच्यातलाच एक होता, तोंड कापलेला एक छोटा भोपळा दिला. त्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि आमचा फासा तयार झाला. दर रविवारी दुपारी खाली त्याचे वडील लाकूड तासत बसायचे आणि वर आम्ही भोपळ्यात हात घालून राक्षस मारायचो.

पुस्तक एकच, आणि ते पंच कुणाच्या हातात देईना. एका दिवसापुरतं त्यानं ते झेरॉक्ससाठी दिलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी दुकानात उभा राहून पानं सांगितली. तक्ते घेतले, नियम घेतले. अभ्यासाच्या पुस्तकांचं करायचो तसंच केलं, कामाचं घ्यायचं आणि बाकीचं सोडायचं.

पहिल्या रविवारी पात्रं ठरली. बुद्धीसाठी मी चिठ्ठी काढली, वीस आली. मी ओरडलोच. जादूगार व्हायचं मी आठवडाभर आधीच मनात ठरवलं होतं. मग कुळाची चिठ्ठी काढायची होती. ती आली दोन.

पंचानं तक्ता वाचून दाखवला. एक ते तीन म्हणजे हीन कूळ. हीन कुळातल्याला विद्या नाही, जादू नाही, त्याला वाचता येत नाही. त्यानं ओझी वाहावीत. पंचाच्या आवाजात काही खोट नव्हती, तो रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं वाचत होता. मी पाटण तालुक्यातल्या बौद्ध घरातला. छप्पन्न सालानंतर आमच्या आजोबांनी घरातले देव कोयनेत सोडले, गावकीची कामं बंद केली. गावानं बोलणं टाकलं तरी म्हातारा वाकला नाही. आणि त्यांचा शिकलेला नातू हातात दोनची चिठ्ठी धरून मूग गिळून बसला होता. खेळ आहे, खेळात काय मनावर घ्यायचं, असं मी स्वतःला बजावत होतो.

चौथा गडी सांगलीतल्या डॉक्टरांचा मुलगा. त्यानं कुळासाठी हात घातला तर दोन चिठ्ठ्या चिकटून आल्या, एक तीन आणि एक सतरा. पंच हसून म्हणाला, “दोन्ही तुझ्याच हातात आल्यात. हवी ती घे.” हे कुठल्या पानावर होतं? कुठल्याच नाही. डॉक्टरांचा मुलगा जादूगार झाला. सतारवाल्याचा मुलगा योद्धा झाला. मी हमाल.

सात महिने मी हमाली केली. तंबू माझ्या पाठीवर, दोरखंड माझ्या पाठीवर आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट म्हणजे जादूगाराच्या पोथ्याही माझ्याच पाठीवर. एकदा दलदलीत पंचानं जादूगाराला चिठ्ठीशिवायच पार केलं, “त्याला वाट सुचली असेल” म्हणून. मला मात्र तंबू भिजले का यासाठी तीनदा हात घालायला लावला. तीनदाही भिजले. मी शनिवारी ठरवायचो की उद्या जायचं नाही आणि रविवारी सायकल काढायचो. गोष्ट चांगली सांगायचा तो, हे नाकारून चालणार नाही.

मग एका मनोऱ्यातल्या खोलीत जादूगाराचा दगड झाला. समोरच्या भिंतीवर मंत्र कोरलेला. तो कुणीतरी वाचला तर जादूगार सुटणार, नाहीतर तो तिथंच संपला आणि आमची गोष्टही संपली. योद्ध्यानं प्रयत्न केला, त्याची बुद्धी सहा. राहिलो मी.

“माझा हमाल वाचतोय,” मी म्हणालो.

“हमालाला वाचता येत नाही,” पंच म्हणाला.

“सात म्हैनं पोथ्या व्हातोय त्यो. वीस बुद्धी हाय त्याला. चार अक्षरं बी शिकला नसंल व्हय?”

“पुस्तकात तसंच आहे. पान एकतीस.” आणि मग तो हसत हसत म्हणाला, “इथं सवलत नसते रे.”

डॉक्टरांचा मुलगा खदखदून हसला. सतारवाल्याचा मुलगा हसला नाही. कॉलेजात माझ्या प्रवेशाबद्दल माझ्या पाठीमागे हाच शब्द चालायचा, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताडकन उठलो तर डोकं माळ्याच्या तुळईवर आपटलं आणि रागाचा निम्मा रुबाब तिथंच गेला. उरलेल्या निम्म्यात मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आवाज ऐकून सतारवाले चाचा जिन्यानं वर आले. त्यांच्या मुलानं त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. चाचांनी आधी माझ्या डोक्याचं टेंगूळ बघितलं आणि मग पंचाला विचारलं, “कुनी लिवलंय रं ते पुस्तक?”

“अमेरिकेतल्या माणसानं, चाचा.”

“त्यो मिरजंला येनार हाय का बघाय?”

“नाही.”

“मग वाचू दे की पोराला.”

“चाचा, नियम म्हणजे नियम.”

चाचांनी मान हलवली, तंबोऱ्याजोगा एक भोपळा वाजवून बघितला आणि तो काखेत मारून ते खाली गेले. मी पंचाला म्हणालो, “एकतीस पान दाखव. झेरॉक्स नगं, खरं पुस्तक दाखव.” पुस्तक तो घरीच ठेवायचा आणि माळ्यावर झेरॉक्सवरूनच वाचायचा. त्या झेरॉक्समध्ये एकतीस पानाची कड काळी पडली होती, अर्धी वाक्यं तो आठवणीनं भरायचा. त्यानं मनचं घातलंय अशी माझी खात्री होती. त्याला खोटा पाडायला मी भर उन्हात सायकलनं सांगलीला त्याच्या घरी गेलो. तो पुढे, मी मागे.

एकतीस पानावर अगदी तसंच होतं. शब्दन् शब्द बरोबर. माझा चेहरा पडला असावा, कारण त्याच्या आईनं बळंच पोह्यांची बशी पुढे केली. मी उगीच पानं चाळत चाळत पुस्तकाच्या तोंडाशी आलो. तिथं प्रस्तावना होती, एकच पान. त्यात लिहिलं होतं की पुढचे सगळे नियम फक्त मदतीला आहेत. तुमच्या बैठकीतल्या कुणाचाही खेळ ज्या नियमानं नासतो तो नियम बदला, नाहीतर टाकून द्या.

ते पान आमच्या झेरॉक्समध्ये नव्हतं. असणार कसं, मीच सोडलं होतं. शाळेपासून आम्हाला शिकवलेलं, प्रस्तावना परीक्षेला येत नाही. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

“तू हे वाचलं होतंस?” मी विचारलं.

“वाचलं होतं की.”

“मग सात महिने?”

“तू कधी म्हणालाच नाहीस काही,” तो म्हणाला. “आम्हाला वाटलं, तुला चालतंय.”

पोहे मी खाल्ले नाहीत. दिसत चांगले होते.

पुढच्या रविवारी मी ते पान हातानं उतरवून घेऊन गेलो आणि सतरंजीच्या मधोमध ठेवलं. सतारवाल्याचा मुलगा म्हणाला, “मग झालं की. वाच रं गड्या.” डॉक्टरांच्या मुलाचा दगड झालेला होता, त्याला तर घाईच होती. पंचानं खांदे उडवले. माझ्या हमालानं भिंतीवरचा मंत्र वाचला, जादूगार सुटला आणि सात महिन्यांची गोष्ट त्या दुपारी संपली. मला वाटला होता तेवढा आनंद झाला नाही. मागून घ्यावी लागलेल्या गोष्टीचा राग तसाच राहतो, निदान माझा तरी राहिला.

नव्या गोष्टीसाठी पंच मी व्हावं असं सतारवाल्याच्या मुलानं सुचवलं. जुन्या पंचानं कुरकुर केली, पण तो बसला. मी कुळाचा तक्ता आधीच फाडून टाकला होता. ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं सवयीनं कुळासाठी भोपळ्यात हात घातलासुद्धा. चिठ्ठी उघडली. एक.

आता लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी तक्ता फाडल्याचा मला पश्चात्ताप झाला. पुस्तकात तसंच आहे, हे शब्द माझ्या अगदी जिभेवर आले होते. तो मात्र चिठ्ठीकडे बघून नुसता हसला. चिठ्ठी परत भोपळ्यात टाकत, हात तसाच आत ठेवून त्यानं विचारलं, “परत काढू?”

मी त्याला सांगितलं, कूळबीळ काही नाही, तुला जे व्हायचं ते हो. तो जादूगार झाला आणि खेळ सुरू झाला. पण त्या दुपारी मी गोष्ट वाईट सांगितली, माझं लक्षच लागेना. ‘परत काढू?’ हे दोन शब्द त्याला एका श्वासात सुचले होते. मी सात महिने ओझी वाहिली, आणि मला ते एकदाही सुचले नव्हते.