गाडीची गुरगुर

आप्पांची गाडी अंगणातून निघाली की गोठ्यापाशी जरा वेग घेताना पुढून एकदा 'टक्' वाजायचं आणि मग क्षणभर गुरगुर व्हायची. ब्रेकचं कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे चाकं घसरू न देणारा छोटा कॉम्प्युटर, निघताना स्वतःची परीक्षा घेतं, त्याचा तो आवाज. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. माणूस निघाला की लगेच पाठ फिरवू नये, हा तिचा नेम. ती पायरीवर थांबायची आणि गुरगुर ऐकली की आत वळायची.

शेवटच्या सकाळी आप्पांना दवाखान्यात नेलं ते शेजाऱ्याच्या गाडीतून. ती गाडी मुकाट गेली. आई ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच उभी होती म्हणे. शेवटी शेजारणीने हाताला धरून तिला आत आणलं.

आप्पा गेल्यावर वर्षभर त्यांची गाडी कासार आंबोलीच्या घरी धूळ खात पडली. मी भूगावच्या फ्लॅटमधून येऊन ती सुरू केली, तर ब्रेकचा पिवळा दिवा विझेना, आणि गुरगुरही गेलेली. विकून टाकू, मी म्हणालो. नको तेव्हा शहाणपण सुचण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

"इक की," आई म्हणाली. "पर आदुगर तिचा आवाज आण. मला एकडाव ऐकायचाय."

भुकूमच्या गॅरेजवाल्याने मॉड्यूल बदललं. पण नवं मॉड्यूल कोरं असतं. गाडीचा नंबर, चाकांचं माप, सगळं लॅपटॉपवरून त्यात भरावं लागतं, आणि मध्येच बॅटरी उतरली तर ते कायमचं बाद. त्याने चार्जर लावला. "दादा, झाल्याबिगर कशाला हात लावू नका," म्हणाला. पडद्यावरची पट्टी गोगलगायीच्या चालीने सरकत होती. एरवी मी दोनदा तरी तडकलो असतो. त्या दिवशी हाताची घडी घालून उभा राहिलो. मलाही आप्पा हवे होते.

दिवा विझला. घरी येऊन मी मोठ्या तोऱ्यात आईला शेजारी बसवलं आणि गाडी गोठ्यापर्यंत नेली. टक्. गुरगुर.

"ह्यो न्हाई त्यो," ती म्हणाली.

अति शहाणा, त्याचा बैल रिकामा. तिच्या कानातला आवाज पायरीवरून ऐकलेला होता, गाडीत बसून नव्हे. हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मग तिला उतरवलं. ती आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मी गाडी मागे घेतली, बंद करून पुन्हा सुरू केली आणि एकटाच निघालो. गोठ्यापाशी टक् झालं, गुरगुर झाली. आरशात पाहिलं. आई थोडा वेळ तशीच होती. मग तिने पदर सावरला, पाठ फिरवली आणि आपली आपण आत गेली.

मला मात्र गाडी वळवून घरी यायला बराच वेळ लागला.