जपानी हॉटेलात नेलेली भाकरी

मंडळी, पुण्याहून घरी सावेडीला परतलो आणि ग्रुपला मेल लिहायला बसलो.

कंपनीच्या जपानी पाहुण्यांनी सगळ्यांना सहकुटुंब जपानी हॉटेलात बोलावलं होतं. माझ्या मुलीला, नीताला, आतड्याच्या आजारामुळे गहू चालत नाही. तिथं भात असतो, म्हणून मी निर्धास्त होतो.

तरी विचारल्यावर वेटर म्हणाला, "साहेब, सोयाच्या काळ्या सॉसमध्ये गहू असतो. तो सगळ्यातच पडतो."

नीतानं पिशवीतून बाजरीची भाकरी काढली. एका बाजूनं करपलेली.

"कुणी केली गं?"

"मीच, पप्पा. आईनं दिवाळीत शिकवली. म्हणाली, पुढं तुझी तुलाच करावी लागेल."

तिची आई आजारपणातच संक्रांतीनंतर गेली. दिवाळीत मला मात्र रोज सांगायची, आता बरं वाटतंय.

तुमच्याही घरात कुणी असं सांगत होतं का?